शेगडीभोवती झालेली अदलाबदल

मित्रांनो, माझ्या पोटावर गंजाचे डाग आहेत आणि चारपैकी एक पाय विटेवर टेकवलेला आहे, पण माझी आठवण अजून शाबूत आहे. मी हेगन यांच्या हार्डवेअरच्या दुकानातली लोखंडी शेगडी. तुमच्याकडच्या पाणी तापवायच्या बंबाचं पोट सुटलं तर तो जसा दिसेल, तशी मी दिसते.

मिशिगनमधल्या एका ओतकामाच्या कारखान्यात माझा जन्म झाला. वितळलेलं लोखंड वाळूच्या साच्यात ओतलं, निवू दिलं आणि मग एका बुटक्या कारागिराने माझ्यावर हातोडी मारून पाहिली. मी खणखणीत वाजले, म्हणून तो हसला. माझं आयुष्यातलं पहिलं कौतुक ते. पुढे मालगाडीतून हादरे खात मी विस्कॉन्सिनच्या उत्तरेला या लहानशा गावात आले. थोरल्या हेगनने मला खिळ्यांच्या पेट्या आणि रंगाचे डबे यांच्या मधोमध उभं केलं. बाहेर कंबरभर बर्फ पडलं की सारा गाव काही ना काही निमित्त काढून दुकानात यायचा. कुणाला दोन स्क्रू हवे असत, कुणाला बिजागरी, पण खरं तर सगळ्यांना मीच हवी असायची. मला त्याचा फार अभिमान वाटे.

उन्हाळ्यात मात्र माझं तोंड बंद. त्यामुळे बेसबॉलचा एकही सामना मी पाहिलेला नाही की रेडिओवर ऐकलेला नाही. माझ्या वाट्याला आला तो हिवाळ्यातला बेसबॉल. त्यात खेळ नसतो, नुसत्या आशा असतात. कुणाला विकणार, कुणाला घेणार, कुणाचा खांदा बरा होणार, नव्या वर्षी तरी आपण जिंकणार का? या चिंतेत इथली माणसं नोव्हेंबर ते मार्च काढतात, आणि अशी काढतात की जणू संघाचे मालक तेच आहेत.

त्यांचा संघ म्हणजे पोर्ट ऑलिसचा हेरन्स. हेरन्स म्हणजे बगळे. तीस वर्षं झाली होती चषक जिंकून. बगळे शेवटच्या महिन्यापर्यंत टपून उभे राहायचे आणि मासा दुसराच कुणीतरी उचलून न्यायचा.

थोरला हेगन गेल्यावर दुकान त्याच्या सुनेकडे, व्हायोलाकडे आलं. बाई तोंडाची फटकळ आणि हिशेबाची सरळ. माझ्याभोवती बसून हे लोक दिवसभर खेळाडूंच्या अदलाबदली करतात आणि लाकूड मात्र तिचं जळतं, हे तिच्या ध्यानात आलं. तिने नियमच केला. ज्याला अदलाबदल सुचवायची असेल त्याने आधी मागच्या पडवीतून एक लाकूड आणायचं, माझ्या पोटात घालायचं आणि मगच तोंड उघडायचं.

"फुकटच्या बाता बाहेर बर्फात मारा," ती म्हणायची. "इथे मारायच्या तर सरपण लागेल."

नियम सगळ्यांना आवडला. लाकूड घातलं की बोलण्याला वजन यायचं. टपालवाला मिल्टन रूड रोज चार-चार लाकडं घालायचा, आणि त्याच्या एकाही सौद्यात काही अर्थ नसायचा. मी ऊबदार राहिले ती निम्मी त्याच्या मूर्खपणावर, आणि त्याबद्दल मी त्याची ऋणी आहे.

आर्विड क्वामे मात्र क्वचितच उठायचा. गाई पाळणारा, मोजकं बोलणारा माणूस. सकाळची धार काढून झाली की यायचा, माझ्या डाव्या हाताच्या बाकावर बसायचा आणि टोपी गुडघ्यावर ठेवायचा. टोपीवर बगळा होता. लहानपणी आजोबांबरोबर पाहिलेल्या पहिल्या सामन्यापासून तो हेरन्सचा होता. वर्षातून दोनदा तो लाकूड घालायचा आणि म्हणेल ते बहुतेक खरं व्हायचं. त्यामुळे आर्विड उठला की सगळे गप्प बसत.

या आर्विडचा मुलगा लाईल. तोच हेरन्सचा कॅचर झाला, म्हणजे फलंदाजामागे उकिडवं बसून चेंडू झेलणारा! बातमी आली त्या दिवशी व्हायोलाने सगळ्यांना फुकट कॉफी पाजली. उन्हाळ्यातल्या प्रत्येक रविवारी आर्विड जुन्या ट्रकमधून दोन तास जाऊन मुलाचा खेळ पाहायचा, आणि हिवाळ्यात लाईल घरी येऊन बापाबरोबर गाई सांभाळायचा. बायको गेल्यापासून आर्विडच्या घरात दोनच माणसं होती. चार वर्षं अशी सुखात गेली.

मग तो डिसेंबर आला. वर्तमानपत्रात छापून आलं की पश्चिम किनाऱ्यावरच्या संघाला आपला डावखुरा पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, द्यायचा आहे, आणि त्याच्या बदल्यात त्यांना कॅचर हवा आहे. मित्रांनो, हेरन्सला इतकी वर्षं एका चांगल्या डावखुऱ्या पिचरचीच उणीव होती. माझ्याभोवतीच्या प्रत्येकाला ते ठाऊक होतं. आणि कॅचर कोण, तेही ठाऊक होतं.

आठवडाभर सगळे आडवळणाने बोलले. मिल्टनने लाकडं घालून शॉर्टस्टॉपच्या जागेवरचा खेळाडू दिला, दोन नवखे दिले, एकदा तर प्रशिक्षकच देऊन टाकला.

"प्रशिक्षकाला कोण घेईल रे? त्याची बायकोसुद्धा हिवाळ्यात त्याला माहेरी पाठवते," व्हायोला म्हणाली.

सगळे हसले. आर्विड हसला नाही. तो टोपीवरचा बगळा अंगठ्याने घासत होता. मग तो उठला, पडवीत गेला आणि ओकचं एक जाडजूड लाकूड घेऊन आला. ते त्याने माझ्या पोटात घातलं आणि दार लावलं.

"लाईलला द्या," तो म्हणाला. "डावखुरा घ्या."

व्हायोला म्हणाली, "आर्विड, तुझा मुलगा आहे तो."

"मला सौदा विचाराल तर सौदा सांगेन," आर्विड म्हणाला. "लाईल चांगला आहे. पण कॅचर पुन्हा मिळेल, असा डावखुरा नाही मिळायचा. हेरन्सच्या जागी मी असतो तर हेच केलं असतं."

या लोकांना प्रामाणिकपणाचं भारी वेड. आपल्या माणसाच्या बाजूने बोललो तर ते खरं नव्हेच, असं त्यांना वाटतं. म्हणून तर अशी चूक त्यांच्याच हातून होते. ते लाकूड मी जाळलं खरं, पण मला ते गोड लागलं नाही.

आता आर्विडचं ऐकून काही कुणी खेळाडू विकत नसतो. पोर्ट ऑलिसमधल्या साहेबांना या दुकानाचं नावही माहीत नव्हतं. तरी चार दिवसांनी बातमी आली, आणि हुबेहूब तीच. लाईल पश्चिमेला, डावखुरा इकडे. मिल्टनने आनंदाने टपालाची पिशवी हवेत उडवली, मग आर्विडकडे पाहिलं आणि खाली पडलेली पत्रं गोळा करत बसला.

पण त्याची जीभ ती त्याचीच. आर्विडच्या घरी पत्र टाकायला गेला तेव्हा तो लाईलला बोलून गेला, "तुझ्या बापाने तर आधीच सांगितलं होतं! लाकूड घालून!"

दुसऱ्या दिवशी लाईल दुकानात आला. सामान बांधायला त्याला दोरी हवी होती. आर्विड बाकावर होताच.

"बाबा, तुम्ही म्हणालात म्हणे, मला द्या म्हणून?"

"म्हणालो."

"बरोबर सांगितलंत," लाईल म्हणाला. "चांगला सौदा आहे. हेगनबाई, दोरीचे किती झाले?"

मित्रांनो, या भागातली माणसं भांडत नाहीत. ती फार सभ्यपणे बोलायला लागली की समजावं, आत काहीतरी मोडलं. लाईलने पैसे दिले, आभार मानले, दार हलकेच ओढून घेतलं. ते त्याने आपटलं असतं तर बरं झालं असतं.

पुढच्याच वर्षी हेरन्सने चषक जिंकला. डावखुऱ्याने कमाल केली. त्या हिवाळ्यात मी पहिल्यांदा पेटले त्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. जो तो आर्विडच्या पाठीवर थाप मारत होता. "तूच म्हणाला होतास, लेका! तुझा सौदा!"

आर्विड थोडं हसला. गर्दी ओसरेपर्यंत वाट पाहून तो पडवीत गेला आणि लाकूड घेऊन आला.

"चषक द्या," तो म्हणाला. "लाईलला परत घ्या."

मिल्टनला हसू आलं, पण व्हायोलाने त्याच्याकडे असं पाहिलं की ते त्याने गिळलं. त्या हिवाळ्यात आर्विड रोज उठायचा. एरवी वर्षातून दोनदा बोलणारा माणूस रोज एक लाकूड घालायचा आणि रोज नवा सौदा मांडायचा. दोन पिचर द्या आणि लाईल घ्या. अख्खी राखीव फळी द्या. स्टेडियमच्या दिव्यांचे खांब द्या. त्याच्या एकाही सौद्यात आता अर्थ नव्हता आणि त्याला कुणी तसं म्हणालं नाही.

लाईल हिवाळ्यात घरी येईनासा झाला. नाताळला एक कार्ड यायचं, त्यावर समुद्र असायचा. आर्विड ते कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा आणि पुढचं येईपर्यंत काढायचा नाही. त्याने एकदाही फोन केला नाही. काय बोलणार होता तो? सौदा बरोबर होता, हेच तर त्याचं दुःख होतं.

मग माझे दिवस फिरले. व्हायोलाने तेलावर चालणारा हीटर बसवला. त्याचा पंखा एवढा घोंगावायचा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. माणसं हळूहळू पांगली. माझ्या झाकणावर रंगाचे डबे आले, मग त्यावर धूळ आली. मिल्टन निवृत्त झाला. नवा टपालवाला गाडीतून उतरतही नव्हता. दोन हिवाळे मी थंड पडून होते. लोखंडाला थंडी वाजत नाही असं तुम्हाला वाटत असेल, तर ते चूक आहे. आर्विड तेवढा यायचा. डबे बाजूला सारून आपल्या बाकावर बसायचा, विझलेल्या शेगडीजवळ, टोपी गुडघ्यावर ठेवून. आम्ही दोघंही वाट पाहत होतो, फक्त मला त्याच्याइतकं नीट ठाऊक नव्हतं कुणाची.

सातव्या वर्षी, ऑक्टोबरच्या शेवटी, वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत एक ओळ आली. क्वामे, कॅचर, करारातून मुक्त. गुडघा गेला होता. त्याच्या बदल्यात कुणी काहीच दिलं नव्हतं. आर्विडने ती ओळ वाचली, पान घडी करून खिशात ठेवलं आणि तो उरलेला दिवस नुसता बसून राहिला.

तीन आठवड्यांनी दुकानाचं दार उघडलं आणि लाईल आत आला. थोडा लंगडत होता, केस विरळ झाले होते.

"आलास?" व्हायोला म्हणाली. "काय हवंय? यावेळी दोरी संपलीय हो माझ्याकडची."

"काही नको, हेगनबाई. घरी गेलो होतो, कुलूप होतं. म्हटलं बाबा इथेच असतील."

आर्विड उठून उभा राहिला, पण पुढे आला नाही. हीटर तेवढा घोंगावत राहिला. व्हायोलाने काय करावं? तरातरा जाऊन हीटर बंद केला, माझ्यावरचे डबे उतरवले आणि काडी ओढली. धुराड्यात पाखरांनी घरटं केलं होतं. सगळ्यांच्या डोळ्यांत धूर गेला. त्यामुळे एक सोय झाली, डोळे पुसण्याचं कारण कुणालाच सांगावं लागलं नाही.

धूर पाहून मिल्टन आला. शेगडी पेटली आणि तो आला नाही, असं व्हायचंच नाही. लाईलला पाहून त्याला इतका आनंद झाला की बसायच्या आधीच तो सुरू झाला.

"अरे वा! आपल्या हेरन्सना राखीव कॅचर हवाच आहे. गुडघ्याचं काय, बसून बसून सैल होईल! मी म्हणतो, लाईलला जर त्यांनी..."

"मिल्टन," आर्विड म्हणाला. "लाईलचं नाव घ्यायचं नाही."

"अरे, मी त्याच्या चांगल्यासाठीच म्हणतोय."

"मीही चांगल्यासाठीच म्हणालो होतो."

मिल्टन खाली बसला. आर्विड मुलाकडे वळला. एवढं लांब बोलताना मी त्याला कधी ऐकलं नव्हतं.

"सौदा बरोबर होता, लाईल. ते मी आजही म्हणेन. पण मला कुणी बाप म्हणून विचारलं नव्हतं, आणि मीही स्वतःला विचारलं नाही. तुला तर नाहीच नाही. विचारायला हवं होतं. तू जावंस असं मला एक दिवसही वाटलं नव्हतं."

लाईलने गार हात माझ्यापुढे धरले. म्हणाला, "एवढंच लिहिलं असतंत ना बाबा, एका कार्डावर, तर मी पहिल्याच हिवाळ्यात आलो असतो."

"हो," आर्विड म्हणाला. "लिहिता आलं नाही."

"आता काय शिजवलंय घरी?"

"बटाट्याचं सूप. कालचं."

"चालेल."

दोघं निघाले. लाईलच्या गुडघ्यामुळे आर्विड सावकाश चालत होता, आणि आर्विड सावकाश चालतो म्हणून लाईलही. बाहेर ट्रक सुरू झाल्याचा आवाज आला. त्या दिवशी माझ्याभोवती कुणीही काहीही सुचवलं नाही.

मित्रांनो, आपला संघ जिंकावा असं वाटण्यात वाईट काहीच नाही. त्या वाटण्यावर तर मी सत्तर हिवाळे तापले. घरात माझ्यासारखी एखादी जुनी शेगडी असेल तर तिचा गंज पुसा, धुराडं साफ ठेवा, माणसं जवळ येतील असं काहीतरी करा. आणि कुणाला कुठे धाडायचं याच्या गप्पा रंगात आल्या की शेजारच्या बाकावर कोण बसलंय ते एकदा बघा. तुमचं माणूस जाऊ नये असं तुम्हाला वाटत असेल, तर ते त्याला सांगा. ते जायच्या आधी सांगा. आर्विडला सात हिवाळे लागले.