शारदा कलामंदिराचं दर्शन

उज्वलाची अट साधी होती. नात्यातला नाही, ती नोकरी करते त्या एकलहऱ्याच्या ऑफिसातला नाही, असा एक तरी माणूस तिचं नाटक बघायला यायला हवा. नऊ वर्षांत तीन नाटकं लिहिली, तिन्ही वेळा समोर मावश्या नि साहेब. चौथ्यालाही कोणी परका फिरकला नाही तर लिहिणं बंद, असं तिनं ठरवून टाकलं होतं. आणि ही बाई एकदा ठरवलं की ऐकते होय कुणाचं!

नाशिक बघायला रोज बसा भरभरून माणसं येतात. पंचवटी झाली, त्र्यंबक झालं की उरलेला वेळ खरेदीत जातो. नाटकाला कोण मरायला जातंय?

पण चौथ्या नाटकाच्या दुपारी जालन्याकडची एक यात्रेची बस 'शारदा कलामंदिर' या पाटीपुढे थांबली. मंदिर म्हटल्यावर मधलं 'कला' वाचतंय कोण! चाळीस माणसं उतरली, दारात चपला काढल्या, रांग लावली. दर्शनाला किती वेळ लागतो, असं त्यांनी दारावरच्या भिमाजीला विचारलं. भिमाजी महाबेरकी. दीड तास, म्हणाला, आणि देवी पडदा उघडल्यावरच दिसते. झालं, सगळी आत जाऊन बसली.

पडदा उघडला. खुर्चीत नाटकातली बाई झालेली उज्वला, अंगावर पिवळा झोत.

"शारदामाते की जय!"

उज्वला दचकलीच. मग तिनं डोळे बारीक करून पाहिलं. ओळखीचा एक चेहरा नाही! तिला असा काही आनंद झाला, की पहिली दोन वाक्यं ती विसरूनच गेली.

चूक कळल्यावरही कोणी उठलं नाही. नाटकातली बाई चहा गाळत नवऱ्याची बोलणी खाऊ लागली, तशा बायका पुढं सरकून बसल्या. शेवटी ती बाई पिशवी घेऊन दारात थांबते नि विचारते, "एकटी गेले तर चालेल का?" त्यावर लांबलचक शांतता, मग ती पिशवी खाली ठेवते, असं उज्वलानं लिहिलं होतं. त्या शांततेचा तिला भारी अभिमान.

शांतता कसली! दुसऱ्या रांगेतून कुसाबाई नावाच्या आजी उठल्या.

"एकटी कशाला, माय? आमच्या गाडीत दोन शिटा मोकळ्या हायेत. वणीला चाललोय. चल."

उज्वलानं हातातल्या पिशवीकडे पाहिलं. मग आजींकडे.

"आले," ती म्हणाली, आणि पिशवी घेऊन पायऱ्या उतरली. विंगेत नवऱ्याचं काम करणारा महेश आपल्या वाक्याची वाट बघत उभाच राहिला.