दुखतंय, टोच

आमच्या इस्पितळात प्लास्टरचं सामान ठेवायची एक खोली होती. तिथे आता सुया टोचतात. दाराला हिरवट पडदा, आत एक खाट आणि खाटेशेजारी स्टुलावर बसलेला माझा साडू. चांगला शिकलेला भूलतज्ज्ञ आहे, माझ्या ऑपरेशनांना वर्षानुवर्षं भूल तोच देतो. मध्येच कुठेतरी जाऊन अॅक्युपंक्चर शिकून आला आणि माणूस कामातून गेला.

मी हाडांचा सर्जन. हाड जुळलं की एक्स-रेत दिसतं, नाही जुळलं तरी दिसतं. सुईचं काय दिसतं? पेशंट म्हणतो, "बरं वाटतंय." बरं तर पंख्याखाली पडूनही वाटतं. हे मी डॉक्टरांच्या बैठकीत सगळ्यांदेखत बोललो. वर हेही ऐकवलं, की ज्याला मुळात दुखतच नसतं, त्यालाच या सुयांनी बरं वाटतं. सगळे हसले. साडूही हसला.

"टोचायचं काम तुम्ही जिभेने करता सर, मी सुईने करतो," तो म्हणाला. "माझं जरा कमी लागतं."

आता सगळे जास्तच हसले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तेव्हापासून आमचं बोलणं बंद. ऑपरेशनला तो पेशंटच्या डोक्याशी, मी पायाशी आणि मध्ये नर्सची फरफट. "सरांना सांगा, पेशंट झोपलाय." "त्याला सांगा, मला डोळे आहेत." त्याची बायको माझ्या बायकोची सख्खी धाकटी बहीण. त्या दोघींनी एकमेकींकडे जाणं सोडलं नाही, फक्त आम्हाला एका पंगतीला बसवणं सोडलं. मी मात्र ती खोली बंद पाडायचीच म्हणून व्यवस्थापनाच्या मागे हात धुऊन लागलो होतो.

आणि नेमका माझा उजवा अंगठा रुसला. स्क्रू पिळताना हत्यार निसटायला लागलं. सकाळी शर्टाचं बटण लागेना.

"त्याला दाखवा ना," बायको बटण लावता लावता म्हणाली.

"त्या सुईवाल्याला? त्यापेक्षा हात तोडून देईन."

"द्या. नाहीतरी चालत नाहीच आहे."

त्या घराण्यात सगळेच टोचणारे.

मनगटात नस दाबली गेली असेल, अशी मी स्वतःची समजूत घातली. दुसऱ्या कुणाला हात दाखवला, तर संध्याकाळपर्यंत इस्पितळभर बोभाटा होणार आणि माझे पेशंट दुसऱ्याच्या दारात बसणार. ऑपरेशन सोडून मला दुसरं काही येत नाही. खरं सांगायचं तर भीती वेगळीच होती. खऱ्या डॉक्टरकडे गेलो असतो तर त्याने तपासलं असतं. सुईवाला काय, टोचेल आणि सोडेल.

म्हणून दुपारी, सगळे जेवायला गेल्यावर, चोरासारखा त्या पडद्याआड शिरलो.

"अंगठा दुखतोय," मी म्हणालो. "टोच."

त्याने सुयांना हात लावला नाही. माझा पंजा स्वतःच्या मांडीवर घेतला. "इथे दाबल्यावर दुखतं?"

"हो, फार."

"दादा, मी अजून दाबलेलं नाही. नुसतं बोट ठेवलंय."

इस्पितळात तो मला कधी दादा म्हणत नाही.

मग त्याने डोळे मिटायला लावले आणि सुईचं टोक किंवा मागची बाजू लावत विचारत राहिला, टोकदार की बोथट. मी एकही उत्तर चुकलो नाही. शाळकरी पोरासारखा खूश होऊन डोळे उघडले, तर त्याचा चेहरा उतरलेला. त्याने अंगठा आणि तर्जनीच्या मधलं मांस चाचपलं. तिथे खड्डा पडला होता. चिमटीत कागद धरायला दिला, त्याने ओढताच तो सुटला. मग त्याने माझी बाही वर सारली. दंडाच्या कातडीखाली स्नायू आपला आपण फडफडत होता. तिथे आरशात बघायचं मी टाळत आलो होतो.

"टेबलाच्या डोक्याशी बसून मी हा अंगठा रोज बघतोय," तो म्हणाला. "आपलं बोलणं असतं तर आधीच बोललो असतो."

मनगटात नस दाबली गेली असती, तर बोटं बधिर झाली असती. इथे स्पर्श शाबूत, ताकद गेलेली, स्नायू सुकलेला आणि फडफडणारा. तोंडी परीक्षेत हा प्रश्न मी कितीतरी पोरांना घातलाय. स्नायू हलवणाऱ्या नसा एकेक करून मरत जातात, आधी हात, मग पाय, शेवटी श्वास. उत्तर बरोबर आलं की मी पुढे विचारायचो, "उपचार काय?" हुशार पोरं गप्प बसायची.

"उद्या मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊ. मी येतो बरोबर," तो म्हणाला. "त्यांनी तपासल्याशिवाय काही ठरवू नका."

"तू टोच."

"टोचून काही होणार नाही."

"टोच ना रे. दुखतंय म्हणालो ना!"

त्याने माझी बाही खाली केली आणि मनगटाचं बटण लावायला घेतलं. मला ते थांबवताही येईना. आयुष्यात कुणाचा एवढा राग आला नव्हता.

"भोंदू आहेस तू," मी ओरडलो. "गावभराला टोचत बसतोस आणि मला एक सुई नाही?"

त्याने बटण नीट काजात सरकवलं.

"त्यांना दुखतं, दादा," तो म्हणाला.