कृपया उत्तर देऊ नये

मेल आला तेव्हा मी पडवीत बसून बिरड्याचे वाल सोलत होते. आमची सून तेजस्वी आतून मोबाइल घेऊन आली आणि माझ्या शेजारी उकिडवी बसली. तिचं तोंड बघूनच मी ओळखलं, काहीतरी वाकडं आहे.

"आई, मंडळाचा मेल आलाय. पालखीचा."

"किती वाजता येते म्हणे?"

"येत नाही म्हणे."

मी हात पदराला पुसले आणि तिला म्हटलं, वाच. तिने वाचलं. ‘मा. रामचंद्रजी, स.न. आपणांकडे सुतक असल्याची नोंद झाली आहे. त्यामुळे यंदाच्या शिमगोत्सवात आई वाघजाईची पालखी आपल्या अंगणात थांबणार नाही. आपल्या दुःखात मंडळ सहभागी आहे. हा संदेश संगणकाने आपोआप तयार केला आहे. कृपया उत्तर देऊ नये.’

सुतक! आमच्या घरात! मुलगा प्रणय तळोज्याला कंपनीत, त्याचा सकाळीच फोन येऊन गेलेला. सून समोर बसलेली. मी तर सगळ्यांना पुरून उरेन अशी. आणि आमचे हे मागच्या वाडीत सुपारीच्या झावळ्या ओढत होते, त्यांचा खोकला मला इथवर ऐकू येत होता. मग मेलं कोण?

आमच्या म्हसळ्याकडच्या गावांत पालखी दारावरून तशीच पुढे गेली की लोक दोनच गोष्टी समजतात. एक तर घरात कुणीतरी गेलंय, नाहीतर घर वाळीत टाकलंय. गेलेलं तर कोणी नव्हतं. त्यात तेजस्वीचा हा लग्नानंतरचा पहिला शिमगा. नव्या नवरीने अंगणात आलेल्या देवीची ओटी भरायची, हा आमच्याकडचा रिवाज. तिचे आईवडील त्यासाठी हरिहरेश्वराहून येणार होते. त्यांच्या डोळ्यांदेखत पालखी पुढे गेली असती तर मी त्यांना काय सांगणार होते? लेक वाळीत टाकलेल्या घरात दिलीत म्हणून?

"हे कुणी लिहिलंय?" मी विचारलं.

"कुणी बसून लिहीत नाही हो आई. साचा असतो. मजकूर ठरलेला, मधे जागा रिकाम्या. प्रत्येक घराचं नाव आणि वेळ त्यात प्रोग्रॅम भरतो आणि पाठवून देतो. सुतकाचा साचा वेगळा. वेबसाइटवर सुतकाच्या रकान्यात टिक केली की तो जातो. निकेतदादांनी जावामध्ये केलंय सगळं."

जावा म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे आमची जाऊ मनुबाईच आली. जावा आल्या की भांडण आलंच. ते मी बोलले नाही, पण नाव ऐकून मनात नोंद झाली.

निकेत म्हणजे मनुबाईचा मुलगा, माझ्या मोठ्या दिरांचा, रघूभावजींचा. कंप्युटरवाला, पनवेलला राहतो. दरवर्षी पालखी कुणाकडे कधी येणार यावरून गावात मारामाऱ्या व्हायच्या, म्हणून मुंबईकर मंडळाने त्याच्याकडून ही वेबसाइट करून घेतली. पहिल्या वर्षी तर त्याचा फज्जाच उडाला होता. रिकाम्या जागा भरल्याच नव्हत्या. अख्ख्या गावाला ‘माननीय नाव आडनाव’ असा मेल गेला, आणि मंडळाचं गावातलं काम बघणाऱ्या सदाने तो देवळासमोर उभं राहून मोठ्याने वाचून दाखवला. शेवटी कुणीतरी विचारलं, हे नाव आडनाव कुठल्या वाडीतले? म्हणून मला आधी वाटलं, असेल तसलंच काही. पण नाही. या वेळी आमच्या ह्यांचं नाव बरोबर होतं. चुकून एवढं बरोबर येत नाही.

हे वाडीतून आले तेव्हा मी त्यांना मेल वाचायला लावला, म्हणजे तेजस्वीने वाचला आणि मी मधेमधे बोलत होते. ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढला, परत टाकला.

"सुतक लिवलंय?"

"व्हय. सुतक. तुम्ही मेलात काय मी मेले ते लिवलं न्हाय."

"पुन्हा वाच गो बाय," ते तेजस्वीला म्हणाले. तिने पुन्हा वाचलं. मग ते पाय धुवायला गेले. माझं डोकंच सणकलं. बायकोच्या तोंडावर कुणी मरण मारतंय आणि हा माणूस पाय धुतोय.

संध्याकाळी मी सदाकडे गेले. त्याच्यावर माझा पहिला संशय. गेल्या सभेत मी बोलले होते की पालखीपुढे डीजे लावाल तर मी आडवी पडेन, तेव्हापासून तो मला पाण्यात बघतो. ओटीवर बसून मोबाइल बघत होता. मला पाहून उठला, खुर्ची दिली. इतका मान सदा कुणाला देत नाही. पोटात एक ओठात एक, मी म्हटलं मनात.

"सदा, आमच्यात कोण मेलं ते सांग. रडायला बरं पडेल."

तो गडबडला. "काकी, आईशपथ, आम्ही काय करत न्हाय. ज्याच्या घरात सुतक तो आपला आपण टिक मारतो मोबाइलवरून. मला नुसता आकडा दिसतो, किती घरं वगळली तो. कुणी मारली ते निकेतला कळतं. सगळ्याची चावी त्याच्याकडं."

सगळ्याची चावी निकेतकडे! मग मला सगळं लख्ख दिसायला लागलं.

आमच्या दोन्ही घरांचं वैर पालखीपायीच झालेलं. रघूभावजी मोठे, म्हणून पहिला मान त्यांच्या अंगणाचा. एका शिमग्याला त्यांना पनवेलहून यायला उशीर झाला, पालखी थांबेना, आणि गावकऱ्यांनी ती आधी आमच्या अंगणात नाचवली. भावजी आले तेव्हा गुलाल आमच्या दारात पडलेला. त्यांनी पिशवीसुद्धा खाली ठेवली नाही. ‘रामा, माझा मान खाल्लास,’ म्हणाले, आणि त्याच गाडीने परत गेले. नंतर किती शिमगे झाले, ते आले नाहीत. शेजारचं त्यांचं घर कुलपात. आमचे हे मात्र दरवर्षी आपलं अंगण सारवायच्या आधी भावाचं सारवतात. कशाला म्हणून विचारलं की म्हणतात, आला तर?

आता बापाचा मान गेला त्याचं उट्टं लेक काढतोय. कुणाला दिसत नाही, कुणाला कळत नाही, एक टिक मारली की काम झालं. वर ‘आपल्या दुःखात मंडळ सहभागी आहे’. काय पण हुशारी!

घरी आले तर तिथे वेगळंच. तेजस्वी डाळीला फोडणी द्यायला उठली तर हे म्हणाले, "मला नको फोडणी. तशीच वाढ."

"का? काय झालं?"

"पोट बरं न्हाय."

दुपारी भाकरी तीन खाल्लेला माणूस. मी देवापुढे दिवा लावायला गेले तर म्हणतात, "राहू दे आज." रात्री गादी सोडून चटईवर झोपले. सकाळी दाढीचं सामान काढून दिलं तर तसंच ठेवून दिलं. मी सगळं बघत होते. मला वाटलं, रुसलेत. मग वाटलं, नाही, कुठेतरी पाणी मुरतंय. ह्यांना काहीतरी माहीत आहे. भावाच्या घराकडे ह्यांचा ओढा पहिल्यापासूनचा. पुतण्याने आधी ह्यांनाच विचारलं नसेल कशावरून? ‘काका, यंदा तुमचं अंगण सोडतो, बाबांची समजूत पटेल.’ आणि ह्यांनी मान डोलावली असेल. मला सांगायची हिंमत नाही म्हणून पोटाचं निमित्त. मी तोंडावर विचारलंही.

"तुम्ही निकेतशी बोललात काय?"

"न्हाय."

"खरं सांगा."

"न्हाय गो," म्हणाले आणि उठून बाहेर गेले. माझ्याकडे बघितलं नाही. संशयाला औषध नाही म्हणतात, आणि मी तर पहिल्यापासून तसल्या स्वभावाची. घरातलाच माणूस फितूर, असं मी धरून चालले.

दुपारी तेजस्वीच्या आईचा फोन आला, ओटीचा खण कुठल्या रंगाचा आणू म्हणून. तेजस्वी माझ्याकडे बघत राहिली. तिला खोटं बोलता येत नाही. मी नुसते ओठ हलवून सांगितलं, हिरवा. फोन ठेवल्यावर तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि माझा राग मस्तकात गेला.

"निकेतचा नंबर लाव."

"आई, आधी मी बोलू का?"

"लाव म्हटलं ना."

वेबसाइटवर नंबर होता. तिने लावून दिला. पलीकडून आवाज आला, "हॅलो?" पोरगा लहान होता तेव्हा माझ्याच हातचं जेवलाय, आवाज लगेच ओळखला.

"मी सगुणाकाकी बोलते. ओळखलंस ना?"

"हो काकी."

"मग मला एक सांग. आमच्यातलं कुणाला मारलंस तू? का, हाताला काही वाटलं न्हाय? जिवंत माणसांच्या घरावर सुतक लिवताना? बापाचा मान, बापाचा मान करत बसलात, आता काय आमच्या दारात प्रेत पायजे तुम्हाला?"

तो काही बोलला नाही. मला वाटलं, सापडला. मी आणखी बोलले. काय काय बोलले ते आता सांगवत नाही. मनुबाईला बोलले, भावजींना बोलले. मग माझं मलाच जाणवलं की पलीकडे कुणी भांडत नाहीये.

"काकी, तुमच्या घरावर टिक नाही केली मी," तो म्हणाला. "आमच्या केली."

"तुमच्या?"

"एका घरात सुतक टाकलं की त्या भावकीतल्या सगळ्या घरांना मेल जातो. सुतक भावकीला लागतं ना, म्हणून तसंच लिहिलंय मी." मग तो म्हणाला, "बाबा गेले, काकी. परवा सकाळी."

मी खाली बसले. तेजस्वीने माझ्या हातातून मोबाइल घ्यायला हात पुढे केला, मी दिला नाही.

"अरे, मग फोन..."

"बाबांनी दवाखान्यात माझ्याकडून वचन घेतलं होतं. गावाला कळवायचं नाही, रामाला तर नाहीच. त्याला फोन करशील तर माझा आत्मा भटकेल, म्हणाले. मी फोन नाही केला. टिक तर करायलाच हवी होती, सुतकात पालखी दाराशी कशी येऊ द्यायची? बटण दाबायच्या आधी खूप वेळ बसलो होतो. दाबलं की तुम्हाला मेल जाणार हे मला माहीत होतं. मीच लिहिलंय ते. बाबा फोनचं बोलले होते, काकी. मेलचं काही बोलले नव्हते."

मी म्हटलं, "बाळा." मघाशी जे बोलले होते ते परत घेता येत नव्हतं. मनुबाई कशी आहे विचारलं. बोलत नाही कुणाशी, म्हणाला. फोन तेजस्वीने ठेवला.

आता हे ह्यांना सांगायचं होतं, आणि ते मलाच सांगायचं होतं. आयुष्यभर माझी जीभ कधी अडली नाही. त्या दिवशी पडवीच्या तीन पायऱ्या उतरताना पाय अडत होते.

हे रघूभावजींच्या अंगणात होते. शिमगा तोंडावर आला तरी अंगण सारवलेलं नव्हतं. शेणाची पाटी तशीच सुकलेली. कुलपाखालच्या पायरीवर बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर टाकून. मी जाऊन समोर उभी राहिले.

"कधी?" त्यांनी विचारलं.

कोण, ते विचारलं नाही. मी सांगितलं, परवा सकाळी. त्यांनी मान हलवली.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्हीच वाचून दाखवलंत की. सुतक हाय म्हणून." ते अंगणाकडे बघत बोलत होते. "भावकी म्हणजे आपली दोनच घरं. आपल्यातली सगळी समोर हायत. मग ऱ्हायलं कोण?"

फोडणी, दिवा, चटई, दाढी. सगळं माझ्या डोळ्यांसमोर घडलं होतं. एकटा माणूस कालपासून भावाचं सुतक पाळत होता आणि मी त्याला फितूर समजत होते. मला रडू आलं, त्यांच्यासाठी आणि माझ्या स्वभावासाठीही.

"मग बोललात का न्हाय मला?"

"बोललो असतो तर खरं झालं असतं. म्हटलं, मेल चुकतो कधीकधी. नाव आडनाव आलं होतं तसं."

तेजस्वी पडवीत उभी होती. ह्यांनी तिला हाक मारली. "बाय, त्या मेलात शेवटाला काय लिवलंय? परत सांग."

"‘हा संदेश संगणकाने आपोआप तयार केला आहे. कृपया उत्तर देऊ नये.’" तिने हळू आवाजात वाचलं. मग म्हणाली, "बाबा, आपोआप नव्हता तो."

"ठाऊक हाय मला," ते म्हणाले.

ते उठले, विहिरीवर गेले आणि अंगावरच्या कपड्यांनिशी डोक्यावर कळशी ओतून घेतली. एक, मग दुसरी. तेजस्वी आत गेली. आईला फोनवर सांगताना तिचा आवाज ऐकू आला, "नाही, यंदा नाही. खण ठेव तुझ्याकडे, पुढच्या वर्षी भरीन."

हे ओले तसेच माझ्यासमोर येऊन उभे राहिले. पाणी गळत होतं, चेहऱ्यावरचं पाणी कुठलं ते कळत नव्हतं.

"उत्तर देऊ नये म्हणतो पोरगा," ते म्हणाले. "मग आपणच गेलं पायजे. पनवेलची येष्टी किती वाजता हाय बघ."

मी घरात गेले आणि पिशवीत त्यांचा कोरडा सदरा टाकला.