महाराजांना लोटांगण घालणारे यंत्र

"घाल लोटांगण!" महाराज गरजले, आणि चार पंख्यांचे ते घरगुती उडते यंत्र वीतभर वर उठले न उठले तोच त्यांच्या पायांशी पालथे पडले. गच्चीवर दाटलेली गर्दी शहारली. शिंपीणकाकूंनी हात जोडले. निवृत्त पोस्टमास्तरांनी चष्मा पुसला, जणू दोष काचेचाच होता.

"यंत्रालाही आमची ओळख पटते, माणसांना मात्र वेळ लागतो," महाराज उद्गारले. "आकाशाची परवानगी न घेता ही मुलगी आकाशात निघाली! दिशा कोपणार नाहीत तर काय?"

सहा महिने खपून मुलीने ते यंत्र घडवले होते. तिच्या वडिलांनी मात्र महाराजांना शब्द देऊन टाकला होता: त्यांच्यासमोर तीनदा पालथे पडले, तर यंत्र विहिरीत टाकायचे आणि पोरीने पुन्हा हत्याराला हात लावायचा नाही. हे लोटांगण दुसरे होते.

जिन्याच्या तोंडाशी मुलीची आत्या उभी होती. तळमजल्यावर तिचे आणि भावाचे विजेच्या मोटारी दुरुस्तीचे दुकान होते. पस्तीस वर्षांत एकाही जळक्या मोटारीची तिच्यापुढे खोटे बोलायची छाती झाली नव्हती. महाराजांचा पट्टशिष्य आठवडाभर समोरच्या खिडकीतून पोरीच्या चाचण्या न्याहाळत होता, हेही तिच्या नजरेतून सुटले नव्हते.

"महाराज, आपण जागचे हलू नका," ती पुढे होऊन म्हणाली. "यंत्र तेवढे मी फिरवते."

"मध्येच फिरवले तर दैवी संबंध तुटतो, बाई."

"तुटू द्या. आमच्याकडे तुटलेलेच येते."

तिने यंत्राचे तोंड उलट्या दिशेला वळवले. मुलीने कळ दाबली. यंत्र वर उठले, कलंडले आणि महाराजांकडे पाठ करून कचऱ्याच्या पिंपासमोर नतमस्तक झाले.

"पिंपही सिद्धपुरुष दिसतंय!" मागून कोणीतरी म्हणाले.

"तिसऱ्यांदा पडले!" शिष्य ओरडला.

"ताई, मी शब्द दिलाय गं," भाऊ कळवळला.

"शब्द दिलास ना? डोके अजून तुझ्यापाशीच आहे, ते वापर."

आत्याने यंत्र पाटाला घट्ट बांधून दोन विटांवर ठेवले, प्रत्येक पंख्याखाली कागदाची पट्टी चिकटवली आणि पंखे हळू फिरवायला सांगितले. तीन पट्ट्या वाऱ्याने खाली फडफडल्या. चौथी वर ओढली गेली.

"तीन पंखे उचलतात, एक दाबतो. म्हणून दरवेळी त्याच कोपऱ्यावर पडते. शिष्याने खिडकीतून हेच पाहिले आणि महाराज नेमके त्या बाजूला उभे राहिले. चौथी मोटार उलटी फिरते आहे. या वायरींना हात कोणी लावला?"

भावाचा चेहरा उतरला. "परवा एक तुटलेली दिसली. बघतो तर पिवळीला काळी जोडलेली! म्हटलं, पोरीची चूक गुपचूप सुधारू. रंगाला रंग जोडून दिला."

"बाबा! ती अदलाबदल मी मुद्दाम केली होती. शेजारशेजारचे पंखे उलटसुलट फिरवावे लागतात, पात्यांचा पीळही तसाच ठेवलाय."

"मग मला सांगायचं नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कुठं?"

मुलीने त्या दोन वायरींची पुन्हा अदलाबदल करून त्या कथलाच्या डागाने सांधल्या. यंत्र सरळ वर चढले आणि डोक्याइतक्या उंचीवर घोंघावत थांबले.

"आमचा कोप शमला," महाराज घाईने म्हणाले.

"मग कोप पुन्हा चढवा," आत्या म्हणाली. "एकदाच पाडून दाखवा."

महाराज गरजले. पुन्हा गरजले. यंत्र ढिम्म हलले नाही. महाराज तेवढे जिना उतरले. शिष्य त्यांच्याही आधी.

हशा पिकताच आत्या कडाडली, "हसता कसले? मघाशी हात जोडणारे तुम्हीच! चमत्कार दिसला तर वस्तू फिरवून पाहा, पुन्हा करून मागा आणि आधी कोणी हात लावला ते विचारा. खरे असेल ते तपासण्याने झिजत नाही. आणि कळत नसेल, तर 'कळत नाही' म्हणा. त्यात कमीपणा कसला?"

भाऊ खाली मान घालून लेकीशेजारी मांडी घालून बसला.

"मला कळत नाही, बाळ," तो म्हणाला. "पहिल्या मोटारीपासून सांग."