रंगाखालचा बोल्ट

सासूबाईंची शाळेची व्हॅन पुन्हा बंद पडली आणि खापर माझ्यावर फुटलं. वायरिंग माझं होतं ना! आमच्या शेडमध्ये गाड्यांचं इलेक्ट्रिकचं काम मी करते, नवरा रंगकाम करतो आणि सासूबाई व्हॅन चालवतात.

"बाहेरच्या मेकॅनिकला बोलावलंय," त्या म्हणाल्या. "शाळा सुटायच्या आत गाडी सुरू झाली नाही, तर यापुढे सगळं वायरिंग त्याच्याकडे. तू आपली नवऱ्याला रंग कालवून दे."

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. रंग कालवू? मी?

तपासणीचं यंत्र काढलं. असतं मुठीत मावेल एवढंच. दोन चिमटे बॅटरीला लावायचे आणि टोक हवं तिथे टेकवायचं. वीज असेल तर लाल दिवा, अर्थिंग असेल तर हिरवा. स्टार्टरच्या जाड तारेला टेकवलं, लाल. फ्यूजला, लाल. माझं वायरिंग ठणठणीत! मग गाडीच्या उघड्या पत्र्याला टेकवलं. हिरवा लागायला हवा होता, तर काहीच नाही.

"सापडलं!" मी ओरडले. बॅटरीची अर्थिंगची तार पत्र्याला जिथे आवळलेली असते, तिथला बोल्ट सोडला आणि कपाळावर हात मारला. तारेच्या कडीखाली चकचकीत निळा रंग! नवऱ्याने बोल्ट काढून खालचा पत्रा अगदी मन लावून रंगवला होता. रंगातून वीज जात नाही, मग अर्थिंग मिळणार कुठून?

नवरा म्हणजे आईच्या गळ्यातला ताईत. पण ताकाला जाऊन भांडं कशाला लपवायचं?

"आई, खोट रंगात आहे."

"नाचता येईना, अंगण वाकडं!"

"हातच्या कांकणाला आरसा कशाला? बघा." कडीखालचा रंग पार पत्र्यापर्यंत खरवडला, बोल्ट आवळला, यंत्र टेकवलं. हिरवा! "आता बसा गाडीत आणि मारा स्टार्टर."

व्हॅन एका झटक्यात सुरू झाली. मला इतका आनंद झाला की नाचावंसं वाटलं.

"माझंच चुकलं, आई," नवरा पुटपुटला. सासूबाईंनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. आता माझ्यावरच उखडणार, असं मला वाटलं.

तेवढ्यात मेकॅनिक आला. आपली गाडी उलटी घेत शेडच्या बाजूला थांबला. ब्रेक दाबला तसा मागचा एकच दिवा लागला, दुसरा बंदच.

सासूबाईंनी व्हॅनच्या खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"आलाच आहात, तर तो दिवा आमच्या सुनेकडून करून घ्या," त्या म्हणाल्या आणि शाळेकडे निघाल्या.