बिब्बा न उतणारा माणूस

“बाबा, पुरे करा आता! कातडं सोलून काढणार आहात का?” लेकीने न्हाणीघराच्या दाराबाहेरून हाक मारली.

“आलोच,” आतून उत्तर आले आणि पुन्हा पाणी ओतल्याचा आवाज. काका आधी कोपरापर्यंत खोबरेल चोळत होते, मग साबण लावत होते, मग परत खोबरेल. बाहेर लेकीच्या मांडीवर त्यांचा चार महिन्यांचा नातू स्वतःची मूठ चोखत पडला होता. त्याला अजून त्यांनी हात लावला नव्हता.

औषधांच्या कारखान्यात सगळे त्यांना बिब्बेकाका म्हणत. तिथे मागच्या बाजूच्या खोलीत बिब्बे शुद्ध केले जात. बिब्बा औषधाला मोठा गुणकारी, पण त्याचे कच्चे तेल कातडीला लागले की तो उततो, टरारून फोड येतात. म्हणून बिब्ब्याच्या देठाकडच्या टोप्या कापून ते विटांच्या भुकटीत चोळायचे, भुकटी तेल पिऊन काळी पडेपर्यंत. या कामाला आलेली माणसे आठवड्याभरात सुजलेली तोंडे घेऊन पळून जात. काकांना मात्र बिब्बा उतत नसे. आवारात बिब्ब्याचे एक जुने झाड होते. ते मोहरले की लोक त्याला वळसा घालून जात, आणि काका नेमके त्याच्याच सावलीत बसून डबा खात. त्याचा त्यांना थोडा तोराही होता.

हा तोरा घरी चालत नसे. त्यांना काही होत नव्हते, पण त्यांच्या अंगावरून ते तेल दुसऱ्याला लागे. लेक लहान असताना एकदा धावत येऊन त्यांच्या पायांना बिलगली होती. तिचे डोळे सुजून बंद झाले आणि ती रात्रंदिवस रडली. त्यानंतर त्यांनी तिला कधी उचलून घेतले नाही. तिची आई होती तोवर तिने लेकीला दोघांच्या वाटणीचे कडेवर घेतले. काका अंतर राखून बसत आणि तोंडाने माकडाचे, मांजराचे आवाज काढून मुलीला हसवत. काम सोडावे असे शंभरदा मनात आले, पण दुसरे काही येत नव्हते आणि घर चालवायचे होते.

नातू झाल्यावर लेकीने फोनवर स्पष्टच सांगितले होते, “मला नाही घेतलंत, निदान याला तरी घ्या. काम सोडा, मगच आम्ही येऊ.”

काकांनी काम सोडले. “आता तुमच्या सुखात कोण बिब्बा घालणार? सगळे तर तुम्हीच फोडून बसलात!” असे म्हणून मुकादम हसला होता. काकांनी कामाचे कपडे जाळले, चपला फेकल्या, पिशवी, डबा, छत्रीसुद्धा टाकून दिली. घर दोनदा धुऊन काढले.

शेवटी ते मनगटावर घड्याळ बांधत बाहेर आले. लेकीने बाळ त्यांच्या हातांत ठेवले. “मान धरा, बाबा. हं, असं.”

बाळाने त्यांच्याकडे टक लावून पाहिले आणि जांभई दिली. काकांना रडू फुटले. ते लपवायचेही त्यांना सुचले नाही. बाळ झोपले तरी त्यांनी खाली ठेवले नाही. जावई म्हणाला, “बाबा, हात भरून येईल.” “येऊ दे,” काका म्हणाले.

सकाळी लेकीच्या किंचाळण्याने घर जागे झाले. बाळाच्या मानेखाली लाल पट्टा उठला होता, त्यावर बारीक फोड. बाळ रडून रडून निळे पडत होते. काकांनी तो पट्टा पाहिला आणि मग स्वतःचे मनगट पाहिले. घड्याळाचा चामडी पट्टा. इतकी वर्षे तो घामाने काळा झालाय असेच ते समजत होते.

डॉक्टरकडून मलम आले, दुपारपर्यंत बाळ शांत झाले. काकांनी घड्याळ कचऱ्यात टाकले होते आणि ते उंबऱ्यापाशी बसून होते. लेक जवळ आली.

“पट्टाच होता ना, बाबा? टाकलात ना? झालं तर मग.”

“कालही मला असंच वाटलं होतं. सगळं टाकलं म्हणून.”

“म्हणजे आता तुम्ही त्याला...”

“घेऊन जा त्याला,” काका म्हणाले. “अजून कुठे काय राहिलंय, मला नाही सांगता येणार.”

लेक चिडली, रडली. जावयाने बॅगा भरल्या. निघताना तिने बाळाला त्यांच्यासमोर धरले. काकांनी हात पाठीमागे बांधले आणि तोंडाने मांजराचा आवाज काढला. बाळ हसले.

पुढच्या आठवड्यात काका कारखान्यात गेले. कशाला, ते त्यांचे त्यांनाही धड माहीत नव्हते. मागच्या खोलीत त्यांच्या पाटावर एक तरुण बाई बसली होती. चेहरा फुगलेला, एक डोळा जेमतेम उघडा. तरीही ती टोप्या कापत होती.

“मूलबाळ आहे घरी?” काकांनी विचारले.

“आहे ना. वर्षाची व्हायचीय अजून.” ती कशीबशी हसली. “चालायचंच, काका. होईल सवय.”

“सवय आपल्या अंगाला होते, पोरी. घरच्यांना नाही होत.”

दारात मुकादम येऊन उभा राहिला. “काका, तुम्ही? अहो, नातवासाठी काम सोडलंत ना?”

“हिला बाटल्या भरायला घे,” काका म्हणाले. “इथे मी बसतो.”

मुकादमाने त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि बाईला उठायची खूण केली. बाई गोंधळून उठली.

“खोबरेल लाव, भरपूर. हे लुगडं टाकून दे. आणि पोरीला लगेच नको घेऊ, थोडे दिवस थांब,” काका पाटावर बसत म्हणाले. “मग घे. पोटभर घे.”

ती गेली. त्यांनी टोपली पुढे ओढली आणि उघड्या हाताने पहिला बिब्बा उचलला.