गुरुजींच्या उशाशी असलेला स्पीकर

सरोजिनीबाईंचे जालन्याच्या आसपासचे दोन वृद्धाश्रम बघून झाले होते. दोन्हीकडं त्यांना आधी फरशी दाखवली, मग टीव्ही दाखवला.

"फरशी काय चाटायची हाये का?" बाहेर आल्यावर त्या केदारला म्हणाल्या. केदार त्यांचा मुलगा. रजा टाकून पुण्याहून आलेला.

जागा बघायची होती ती नणंदेसाठी, गोजरबाईंसाठी. जाफराबादला दिलेली गोजरबाई तरुणपणीच विधवा होऊन माहेरी आली होती. सरोजिनी त्या घरात सून म्हणून आली, तेव्हा तिला हाताला धरून पहिल्यांदा कीर्तनाला नेलं ते या नणंदेनंच. पुढं सरोजिनीबाईंचे यजमान जगन्नाथराव गेले, केदार नोकरीला लागला, आणि घरात या दोघीच उरल्या. मागच्या वर्षी गोजरबाईंना झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. त्यांना उचलता-वळवता सरोजिनीबाईंच्या मणक्यानं दगा दिला, आणि डॉक्टरांनी बजावलं की आता भरली कळशीसुद्धा उचलायची नाही.

"आई, कॅमेरे आहेत का तेवढं बघू. मोबाईलवर दिसलं म्हणजे झालं."

"मोबाईलवर चिमटा दिसतो का रे? बोलता येतं तो वरडून सांगंल. वन्सं कुणाला सांगतील?"

केदारनं हातातला मोबाईल खिशात टाकला. सरोजिनीबाईंच्या डोळ्याला डोळा लागत नव्हता तो याच एका गोष्टीनं.

तिसरी जागा अंबडच्या अलीकडं, मोसंबीच्या बागांना लागून. मुद्दाम न कळवता ते एकादशीच्या दुपारी गेले, तर पत्र्याच्या मोठ्या शेडमध्ये कीर्तन रंगलेलं. टाळ-मृदंग कानावर पडले आणि सरोजिनीबाईंची पावलं आपोआप तिकडं वळली.

"आई, आपण तपासायला आलोय ना?"

"गप बस. देवाला वलांडून कुठं जायचं?"

पुढं खुर्च्यांवर, चाकांच्या खुर्च्यांवर म्हातारे-म्हाताऱ्या, आणि त्यांच्यात मिसळून निळ्या झग्यातल्या सेविका. कीर्तनकार रामराव महाराज, काडीसारखे बारीक, पण आवाज असा की पत्रा थरथरावा. त्यांनी एका परटिणीची गोष्ट लावली होती. नदीला पूर आलाय, पैलतीरी तिचं तान्हं लेकरू एकटं, आणि देव नावाड्याचं सोंग घेऊन होडी घेऊन आलाय. होडी मधोमध आली, लाट डोक्याएवढी उठली, सगळ्या शेडचा श्वास अडकला...

आणि कुणाच्या तरी मोबाईलचा गजर वाजला. भर कीर्तनात! वाजला तो वाजला, वर तीन-चार सेविका धडाधड उठून चालत्या झाल्या.

सरोजिनीबाईंच्या कपाळाची शीर उडाली. रंगलेल्या कथेतून उठून जाणं म्हणजे ताटावरून देवाला उठवणं, असं गोजरबाईंनी त्यांना शिकवलेलं. जिथं देवाचा मान नाही, तिथं माणसाचा काय राहणार? आता महाराज झाडतीलच, म्हणून त्या वाट बघू लागल्या.

महाराजांनी हात वर केला. "होडी मधोमध हुभी हाये. बायांनो, जाऊन या बराबर. घाई न्हाई." आणि त्यांनी विठ्ठलनामाचा गजर धरला.

पुढच्या रांगेतून एक म्हातारा ओरडला, "महाराज, तंवर होडी बुडंल की!"

"बुडती कशी? नावाडी कोन हाये ते बघ की बाबा!"

सगळे हसले. सरोजिनीबाईंना मात्र हसू येईना. अर्ध्यात थांबलेलं कीर्तन त्यांनी आयुष्यात पाहिलं नव्हतं. या बाया जातात तरी कुठं, ते बघायला त्या उठल्या आणि त्यांच्या मागं निघाल्या.

आत एक लांबच लांब खोली होती. प्रत्येक खाटेच्या उशाशी छोटा स्पीकर, त्यातून शेडमधला गजर झिरपत होता. सेविका दोघी-दोघींनी अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलत होत्या. हात लावायच्या आधी, "मावशी, आता भिंतीकडं तोंड करू," असं सांगत होत्या. ज्यांना समज उरली नव्हती त्यांनाही सांगत होत्या. सरोजिनीबाईंनी न राहवून एका म्हातारीच्या टाचा पाहिल्या, माकडहाड पाहिलं. पडून पडून होणाऱ्या जखमेची कुठं लाली नाही, कुठं वास नाही. वर्षभर हेच करून त्यांचे हात शिकले होते. बघायचं कुठं, ते त्यांना ठाऊक होतं.

संध्या नावाची सेविका कोपऱ्यातल्या खोलीच्या बंद दाराशी थांबली. टकटक करून डोकावली.

"गुरुजी, जय भीम. कूस बदलायची येळ झाली. संग एक पाहुण्या बाई हायेत, त्यान्ला येऊ द्यायचं का?"

आतून आवाज आला नाही. संध्या तशीच थांबून राहिली. खाटेवरच्या, हाडांना कातडी चिकटलेल्या माणसाच्या पापण्या हळूच लवल्या.

"या बाई. हे अप्पाराव गुरुजी. कुंभार पिंपळगावला मास्तर होते."

संध्या आणि तिची जोडीदारीण त्यांना वळवू लागल्या. सरोजिनीबाईंचं लक्ष उशाकडं गेलं. स्पीकर मुका! बाकी साऱ्यांना नाम आणि याच बिचाऱ्याला नाही? तो बंद पडला असेल, कुणाचं ध्यान गेलं नसेल, असं वाटून त्यांनी मायेनं हात पुढं केला आणि बटण फिरवलं. खोलीत एकदम टाळ दणाणले.

संध्यानं गुरुजींच्या पाठीखालचा एक हात न काढता दुसऱ्यानं बटण फिरवलं.

"त्यो बंद पडला न्हाई बाई. बंद ठिवलाय."

"अगं, पण देवाचं नाव..."

"गुरुजी सकाळची बुद्धवंदना ऐकत्यात. ह्ये नको, म्हनून सांगितल्यालं त्यांनी, बोलत होते तवा."

"आता तर बोलत न्हाईत ना गं."

"म्हनून काय झालं?" संध्या साधेपणानं म्हणाली. "सांगून तर ठिवलंय."

सरोजिनीबाईंनी पुढं केलेला हात मागं घेतला. या माणसाची वाचा कधीच गेली होती, पण त्याचा शब्द या घरात अजून चालत होता! बाहेर आख्खं कीर्तन रंगलेलं, आणि इथं एका मुक्या माणसाच्या जुन्या 'नको'साठी एवढीशी शांतता जपून ठेवलेली. जन्मभर त्या जिथं कीर्तन तिथं देव शोधत आल्या. आज टाळ जिथं थांबले, त्या दाराआड त्यांना तो उभा दिसला. त्यांनी गुरुजींना हात जोडले. "चुकले गुरुजी," म्हणाल्या.

परत येईस्तोवर गजर चालूच होता. महाराजांनी दाराकडं बघून विचारलं, "आल्या का समद्या?" आणि मगच होडी पैलतीराला लावली. सरोजिनीबाईंच्या डोळ्यांना धार लागली होती.

निघण्याआधी त्यांनी संध्याला गाठून गोजरबाईंचं सगळं सांगितलं.

"त्यान्ला काय काय चालत न्हाई?" संध्यानं पहिलं विचारलं.

"डोक्यावरचा पदर घसरलेला चालत न्हाई. दुधावर साय नको. आणि भरवताना कुणी 'आ कर बाळ' म्हणलं, की तोंड घट्ट मिटतात."

"बराबर हाये त्यांचं. आनी हितं यायला चालतंय का?"

सरोजिनीबाईंनी मान खाली घातली. दोन आश्रम पाहिले, हा तिसरा. पण हे त्यांनी गोजरबाईंना विचारलंच नव्हतं.

"मंग विचारून या. जागा कुठं पळून चाल्ली न्हाई."

संध्याकाळी घरी येताच त्या गोजरबाईंच्या उशाशी बसल्या. परटीण, होडी, मधेच वाजलेला गजर, गुरुजींची खोली, सगळं रंगवून सांगितलं. केदार दारात उभा राहून ऐकत होता. मग त्यांनी आपलं बोट गोजरबाईंच्या डाव्या मुठीत दिलं. होय म्हणायचं असलं की त्या बोट दाबत.

"वन्सं, तिथं जाऊन बघायचं का? तुम्ही न्हाई म्हणलात तर विषय संपला. मग मी काहीही करीन, पण तिथं न्हाईच."

गोजरबाई नुसत्या भावजयीच्या तोंडाकडं बघत राहिल्या. मग बोट दाबलं गेलं, स्पष्ट आणि ठाम. आणि ती मूठ सुटून तो हात सरकत सरकत सरोजिनीबाईंच्या पाठीवर, दुखऱ्या मणक्यावर जाऊन थांबला.